ऊन चढल्यावर चालणारं यंत्र

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस वर्धा नदीच्या अलीकडे तरी झालेला नाही. पलीकडे कुणी असेल तर त्याला माझा इथूनच नमस्कार, भेटीची हौस नाही. ओझं वाहून माणूस दमतो, पण झोप झाली की ताजा होतो. साडूंपासून आलेला शीण झोपेनं जात नाही, कारण झोपेतच त्यांचा फोन येतो. आणि हा फोन कधी सुरुवातीपासून सुरू होत नाही. कसे आहात, जेवण झालं का, या पायऱ्या ते मनातल्या मनात चढून आलेले असतात. मी फोन कानाला लावतो न लावतो तोच पलीकडून आवाज येतो, "साडभाऊ, लय गरम झाली जी!" मी दचकून त्यांच्या बायकोविषयी विचारतो, "कोण? बाईंना ताप आला का?" त्यावर ते माझ्या अकलेची कीव करत म्हणतात, "बाई कायले गरम होते? टाकी म्हणून राह्यलो मी, टाकी!" मग मी उठून बसतो, चष्मा शोधतो, आणि चंद्रपूरहून गोंडपिपरीची पहिली बस किती वाजता आहे हे बायकोला विचारतो. तिला ते पाठ झालेलं आहे.

साडूंचा सगळा जन्म घुग्घुसकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवण्यात गेला. उंच खुर्चीत बसायचं, एक दांडी ओढायची, आणि पाठीमागचा घराएवढा हौदा कोळशासकट आभाळाकडे उठायचा. हा हौदा नेमका उठतो कसा, हे त्यांनी कधी उतरून पाहिलं नाही. त्यासाठी खाणीत वेगळी माणसं होती. पण दोन बोटांनी डोंगर उचलण्याची सवय ज्याला लागली, त्याचा जगावरचा विश्वास वेगळाच होतो. साडूंच्या मते सृष्टीत दुसरं काही नाही, सगळा खेळ प्रेशरचा आहे. डाळ शिजत नाही? प्रेशर नाही. सरपंच रस्ता करत नाही? वरून प्रेशर नाही. माझ्या नातीच्या बारशाला ती किंचाळून किंचाळून निळी पडली होती. सगळ्या बायका हतबल झाल्या, तेव्हा यांनी तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या, पोरीनं ढेकर दिली आणि ती हसली. "हवा पकडली होती लाइननं," यांनी जाहीर केलं आणि पुन्हा पंगतीत जाऊन बसले.

असा माणूस आजारी पडला तरी साधेपणानं पडत नाही. नागपूरला त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. पायातली एक शीर काढून छातीत कशी जोडली, हे डॉक्टर मोठ्या सौजन्यानं समजावून सांगत होते. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पायातला होज पाइप काढून इथी टाकला म्हणा ना?"

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाले.

"पन जुनाच होज हाय जी तो. माह्याच पायातला. तोही तेवढाच चाललेला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतात पंखा होता, म्हणून पाहायला काहीतरी मिळालं.

त्या डॉक्टरांनी घरी सोडताना दोन गोष्टी बजावल्या: जड उचलायचं नाही आणि थंडीच्या पहाटे कष्ट करायचे नाहीत. आणि कुऱ्हाड? डॉक्टर म्हणाले, कुऱ्हाडीचं नावच नको. नेमकं इथंच घोडं अडलं. निवृत्तीनंतर साडू गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावी राहायला आले तेव्हापासून रोज पहाटे उठून लाकडं फोडायची, अंगणातल्या चुलीवर तांब्याचा हंडा चढवायचा, आणि घरातल्या सगळ्यांना कढत पाण्यानं आंघोळ घालायची, हा त्यांचा धर्म. घरात गॅस आहे. पण "गॅसच्या पान्यानं आंग भिजते, आंघोळ होत नाई," असं त्यांचं मत. बाईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, कुऱ्हाड धानाच्या ढोलीत तळाशी पुरून टाकली. साडूंनी कुऱ्हाड कुठं आहे असं एकदाही विचारलं नाही. नुसते अंगणात फिरायचे, ओंडक्यांच्या ढिगापाशी उभं राहायचे, आणि एखाद्या ओंडक्यावर हात ठेवून, जत्रेत हरवलेलं वासरू सापडावं तसा तो थोपटायचे. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायच्या आणि त्यांची पोळी करपायची. शेवटी एका सकाळी साडू एकदम खुशीत उठले, गावातला टेम्पो ठरवला आणि घुग्घुसच्या भंगार बाजाराकडे निघून गेले.

तिथून जे आलं त्यातून हे लाकडं फोडायचं यंत्र उभं राहिलं. खाली एक लोखंडी गर्डर, त्यावर मोडक्या डंपरचं सिलिंडर, समोर ट्रकच्या पाट्याची केलेली धारदार पाचर, एका अंगाला म्हाताऱ्या ट्रॅक्टरचा पंप, आणि त्याला फिरवायला शेतावरचं डिझेल इंजिन. इंजिन पंपाला फिरवतं, पंप टाकीतलं तेल ढकलतो, तेल सिलिंडरातल्या दांड्याला ढकलतं, दांडा ओंडक्याला ढकलतो आणि ओंडका पाचरीवर जाऊन दुभंगतो. हे मला आज एका दमात सांगता येतं, यामागे माझे बरेच शर्ट कामी आले आहेत.

कारण या यंत्राचा तज्ज्ञ म्हणून नेमणूक माझी झाली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. माझा आणि पाण्याचा संबंध टेबलावरच्या तांब्यापुरता. पण साडूंनी हिशेब मांडला, "तुमी पान्याच्या खात्यात होते. पानी काय अन् तेल काय, दोनी पातळच हाय ना?" मला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगतो, सासुरवाडीच्या माणसांनी मला आजवर कशातलाच जाणकार समजलेलं नव्हतं. लग्नात मला पान लावायला दिलं होतं आणि तेही परत घेतलं होतं. म्हणून मी गंभीरपणे मान हलवली, पंपाला दोन बोटं लावली, आणि "हं" म्हणालो. त्या एका "हं"ची शिक्षा मी अजून भोगतो आहे.

पहिल्याच दिवशी दांडी पुढे ढकलली की दांडा मागे जायचा आणि मागे ओढली की पुढे. दोन नळ्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या. बदलायला पाव तास लागला असता. साडू बदलू देईनात. "लिव्हर उलटा नाई जी, आपली सवय उलटी हाय," म्हणाले, आणि आजही ते यंत्र मागे ओढून पुढे चालतं. त्यानंतर माझी पाळी आली. गोंडपिपरीत एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, म्हणून मी पांढराशुभ्र शर्ट घालून आलो होतो, आणि वाटेत जरा डोकावतो म्हणून साडूंकडे गेलो. पट्टा सारखा घसरतो अशी त्यांची तक्रार होती. मी तो काढला आणि मोठ्या कसबानं आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन पुन्हा चढवला. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत तसा पाहिला होता. गिरणीचं माहीत नाही, पण पीळ दिलेल्या पट्ट्यानं पंप उलटा फिरतो. उलट्या पंपानं आपलं सील फोडून पोटातलं सगळं तेल माझ्या छातीवर ओकलं. मी साक्षगंधाला तसाच गेलो. नवऱ्या मुलीच्या मामानं मला गाडी दुरुस्त करायला बाहेर नेलं.

मग तेलाचा फेस व्हायला लागला. टाकीत डोकावलं की ताक घुसळल्यासारखं दिसायचं, आणि दांडा कुंथत कुंथत पुढे सरकून निम्म्यात थांबायचा. कुठल्या तरी जोडातून पंप हवा ओढत होता. साडू टाकीपाशी उकिडवे बसून दिवसभर दांडा पुढे-मागे करत राहिले. "हवा काढून राह्यलो," म्हणायचे. मी शेजारी बसून जोड आवळायचो, कधी सैल करायचो, माझ्या हातून नेमकं काय होत होतं हे त्या जोडालाच ठाऊक. आणि एका संध्याकाळी काही कारण नसताना यंत्र चाललं. साडूंनी धावड्याचा ओंडका चढवला. धावडा म्हणजे कुऱ्हाडीला परत पाठवणारं लाकूड. दांडा सरकत आला, ओंडका पाचरीला टेकला, क्षणभर सगळं थांबलं, आणि मग ओंडक्यानं कडाड् आवाज करून अंग सोडलं. बाई ओल्या हातानं बाहेर धावत आल्या. साडूंनी दोन फाकी उचलून त्यांच्यासमोर धरल्या, जणू बाजारातून लुगडं आणलंय. "पाहा," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "पाह्यलं. आता खाली ठेवा, जड हाय ते."

मग गावभर बोभाटा झाला. ज्याच्या घरी चिवट ओंडका पडून होता तो बैलबंडीत घालून यायला लागला. साडू कुणाला नाही म्हणेनात, कुणाकडून काही घेईनात. मला फोन येईनासे झाले. मी सुखात होतो, आणि थोडा नाराजही.

मग थंडी पडली, आणि एक दिवस बाईंचा फोन आला. बाई मला कधी फोन करत नाहीत. आमच्याकडे बायकोच्या थोरल्या बहिणीला आकडसासू म्हणतात, आणि त्या शब्दातला सासूपणा त्यांनी जन्मभर सांभाळलेला आहे. त्यांनी नुसतं विचारलं, "भाऊजी, येता का?" मी गेलो. साडू शेतावर गेले होते. बाईंनी चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून बोलल्या. दोन दिवसांपूर्वी पहाटे इंजिन धडधडत होतं, पण लाकूड फुटल्याचा आवाज येईना. बऱ्याच वेळानं त्या बाहेर गेल्या. साडू एका ओंडक्यावर बसले होते, हात दांडीवर, आणि त्या थंडीत कपाळावरून घाम ओघळत होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, हवा काढून राह्यलो. बाईंनी जन्मात पहिल्यांदा इंजिन बंद केलं. कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणून डिझेलची नळीच उपटली.

"मशीन लाकूड फोडते जी," बाई म्हणाल्या, "पन त्याच्यावर उचलून ठेवते कोन? अंधारात उठून एकटाच उचलते हा मानूस. मी नोको म्हटलं का हसते. तुमी सांगा. तुमचं आयकते."

माझं ऐकतात, हे मला नवीन होतं. मी चांगलं कडक भाषण मनात जुळवत अंगणात बसलो. साडू आले ते डोळे चमकवतच. "बरं झालं आले तुमी! होज फुटला काल. सारं तेल मातीत गेलं." पुढच्या क्षणी माझ्या हातात पाना होता. भाषण राहिलं. नवी नळी बसवली, आणि ते इंजिनापाशी गुंतलेले असताना मला म्हणाले, पडवीतला डबा आनून टाकीत ओता. पडवीत अंधार होता, डबा होता, डब्यात तेल होतं. मी ओतलं. दुपारचं कडक ऊन होतं. यंत्र लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. मी कृतकृत्य होऊन शेवटची बस पकडली. भाषण बसमध्ये आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "साडभाऊ, पंप वरडून राह्यला! डुकराच्या नरड्यावर पाय द्यावा तसा!" दुपारी पुन्हा फोन. "आता बराबर चालते." हे रोजचंच झालं. सकाळी किंचाळायचं, दांडा ढिम्म. ऊन चढलं की गुमान कामाला लागायचं. साडूंनी नाना तर्क लढवले. पंप ज्या ट्रॅक्टरचा होता त्याचा मालक उशिरा उठणारा होता, असाही एक शोध लागला. शेवटी मी मुक्कामालाच गेलो, आणि सकाळी चांगलं उजाडल्यावर आम्ही टाकीतली जाळी काढली. जाळीवर पिवळट पांढरा, तुपासारखा घट्ट थर. साडू जाळी घासायला ब्रश आणतो म्हणून मागे गोठ्याकडे गेले. बाई चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून पाहिलं, बोटावर थोडं घेतलं, तळहातावर चोळलं, हुंगलं.

"भाऊजी, हे तं माह्या टोळीचं तेल हाय."

टोळी म्हणजे मोहाची बी. उन्हाळ्यात वेचायची, घाण्यावरून तेल काढून आणायचं. वडे तळायला आणि दुखऱ्या गुडघ्यांना लावायला वर्षभर पुरतं. आणि थंडीत ते गोठतं. हे मला माहीत होतं, माझ्या स्वतःच्या घरी मी ते उन्हात ठेवून पातळ करतो. फक्त पडवीत एकसारखे दोन डबे आहेत हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून बाईंना सगळं समजलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवत हसल्या. इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मी उठलो. "सांगून टाकतो त्यांना. आत्ताच्या आत्ता बदलू."

"बसा," बाई म्हणाल्या. हसू थांबलं होतं. "नोका सांगू. सकायी मशीन चालत नाई म्हनून तो मानूस आजकाल उन्हात बसते. चहा पेते. माह्याशी दोन शब्द बोलते. ऊन चढते तवरी लोकं वावरातून येते, मंग वंडके तेच लोकं उचलते." त्यांनी हात पदराला पुसला. "माह्यानं त्याले थांब नाई म्हनवत. मशीन म्हनते तं आयकते."

साडू ब्रश घेऊन आले तेव्हा मी आयुष्यातला पहिला तज्ज्ञ सल्ला दिला. थंडीत तेल आखडतं, जोर केला तर पंप फुटेल, होळीपर्यंत ऊन चढल्याशिवाय हात लावायचा नाही. साडूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "पान्याच्या खात्यातला मानूस हाय," शेवटी म्हणाले, "बराबरच असन." मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही.

परवा पौषातल्या एका सकाळी पुन्हा गेलो. आता बोलावलं नाही तरी जातो. साडू अंगणात यंत्राशेजारी घोंगडी पांघरून बसले होते. ऊन अंगावर येऊन बराच वेळ झाला होता. बाई आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. मी बसलो, आणि काही वेळ आम्ही दोघं नुसतेच त्या टाकीकडे बघत होतो, स्टेशनवर गाडीची वाट पाहावी तसे. मग साडू हळूच म्हणाले, "टोळीचं तेल हाय ना जी तिच्यात?"

मी चष्मा काढून शर्टाला पुसायला लागलो.

"पहल्याच दिवशी कयलं. टाकी तापली अन् आंगनभर वड्याचा वास सुटला. डंपरच्या तेलाले काय वड्याचा वास येते का?"

"मग बदललं काऊन नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारून बसलो.

त्यांनी पायाशी पडलेली साल उचलली, तिचे बारीक बारीक तुकडे केले. "बदललं तं सकायी चालू होईन मशीन," म्हणाले. "चालू झाली तं उचला लागन." हातातले तुकडे खाली टाकले. "त्या दिवशी हवा-बिवा काई काढत नोतो मी, साडभाऊ. मले उठताच येत नोतं."

सगळ्या आयुष्यात हा माणूस मला पहिल्यांदा थकलेला दिसला. मी इतकी वर्षं त्यांच्यामुळे थकत आलो, पण त्यांच्या वाटचा थकवा कुठं असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"तिले नोका सांगू," ते म्हणाले. "सकायी मशीन बिघडते म्हनते ना ती लोकायले, म्हनू द्या."

तेवढ्यात बाई दारात आल्या. "झाली का जी सुरू?"

"नाई अजून," साडू मोठ्यानं म्हणाले. "साडभाऊ, पाहा बरं टाकी."

मी उठलो आणि पत्र्यावर तळहात ठेवला. टाकी चांगली कोमट झाली होती. आतलं तेल केव्हाच पातळ झालं असणार. दोघंही माझ्याकडे पाहत होते.

"अजून वेळ आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या घोंगडीचं एक टोक ओढून शेजारी बसलो.